जाड साल

“साल जाड काढतेय ती.”

मावशी माझ्या मागे कधी येऊन उभ्या राहिल्या ते मला कळलंच नव्हतं. डायनिंग टेबलावर लॅपटॉप, लॅपटॉपमध्ये ब्रुसेल्समधलं एक स्वयंपाकघर, आणि त्या स्वयंपाकघरात टेबलाशी बसून एक बाई बटाटे सोलत होती. बराच वेळ सोलत होती. कॅमेरा जागचा हलत नव्हता, कट येत नव्हता, आणि मी हनुवटीखाली हात घेऊन, कीर्तनाला बसावं तशी बसून, त्या बाईच्या चेहऱ्यावर काही उमटतंय का ते शोधत होते. मावशी तिच्या चेहऱ्याकडे बघतच नव्हत्या. त्यांची नजर तिच्या हातांवर होती. “अर्धा बटाटा सालीतच गेला,” असं म्हणून त्या ओट्याकडे वळल्या आणि तव्यावरची पोळी उलटली. पोळीवर बंद्या रुपयाएवढा काळा डाग पडला होता. मावशी आमच्याकडे अकरा वर्षं पोळ्या करतात. करपलेली म्हणावी अशी ही पहिलीच. त्यांनी ती डब्यात सगळ्यात खाली घातली, मी पाहिलं नाही असं समजून.

सिनेमा होता ‘झान डिलमान’. शांताल अकरमान या बेल्जियन दिग्दर्शिकेचा, १९७५ चा. त्याचं पूर्ण नाव म्हणजे त्या बाईचं नाव आणि पुढे तिच्या घराचा पत्ता, पिनकोडसकट. पोस्टाच्या पाकिटावर लिहितात तसा. लांबी २०१ मिनिटं. बाई विधवा आहे, शाळकरी मुलगा आहे. ती सकाळी उठून बूट पुसते, कॉफी करते, भांडी घासते, बाजारहाट करते. दुपारी एक पुरुष येतो, जाताना पैसे देतो, ते पैसे ती जेवणाच्या टेबलावरच्या सूपच्या भांड्यात टाकते, वर झाकण ठेवते, आणि बटाटे उतरवायला जाते. असे तीन दिवस. पहिला दिवस घड्याळासारखा, पुढचे दोन कुठे कुठे निसटलेले. पडद्यावर पार्श्वसंगीत नाही. बाईच्या टाचांची टकटक, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाताना आठवणीने बंद केलेल्या दिव्याच्या बटणाचा आवाज, नळ, भांडी. मी स्वेच्छानिवृत्ती घेतल्यापासून सकाळी असले मोठे सिनेमे तासतासभर करून बघते. अंधाऱ्या थिएटरात एका बैठकीत बघायला हवेत, हे मला कुणी सांगायला नको. पण माझ्या कमरेला ते कोण सांगणार. तर त्या दिवशी एक गंमत झाली होती. लाटण्याचा आवाज येत होता आणि काही क्षण मला तो सिनेमातलाच वाटला. ब्रुसेल्समध्ये कुणी पोळ्या लाटत नाही, हे लक्षात यायला मला लाज वाटावी इतका वेळ लागला.

आता वहीबद्दल सांगायला हवं. माझ्याकडे एक दोनशेपानी वही आहे, खाकी कव्हरची, आता कव्हरचे कोपरे गेलेले. तिच्यात मी पाहिलेल्या सिनेमांना गुण दिले आहेत, पाचापैकी. सुरुवात झाली नव्वदच्या दशकात, पुण्यात लॉ कॉलेज रोडवर उन्हाळ्यात होणारा चित्रपट रसग्रहणाचा महिनाभराचा कोर्स केला तेव्हा. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभं करणारे पी. के. नायर, म्हणजे अर्काइव्हचे नायरसाहेब, अंधारात छोटी बॅटरी लावून वहीत टिपणं काढतात, कुठला प्रसंग कितव्या रिळात आहे ते त्यांना पाठ असतं, अशा गोष्टी आम्हाला ऐकायला मिळाल्या. ते तोवर निवृत्त झाले होते, पण दंतकथा निवृत्त होत नाहीत. मीही बॅटरी घेतली. माझ्या पुढच्या रांगेतल्या माणसाने दुसऱ्याच दिवशी वळून “ओ मॅडम, टॉर्च” असं म्हटल्यावर बॅटरी गेली, वही राहिली. नायरसाहेब गुण देत नसत, हा फरक माझ्या लक्षात आला नाही. मी बँकेत कारकून होते. आकडा लिहिल्याशिवाय मला काही झालंय असं वाटायचं नाही.

त्या वहीत ‘झान डिलमान’पुढे पहिला आकडा आहे अडीच. साल २००७. एका महोत्सवात पाहिला होता, म्हणजे पाहिला असं लिहिलंय. खरं म्हणजे मी तासाभराने उठले होते. बाहेर टपरीवर उभं राहून बटाटेवडा खाल्ला, चहा घेतला आणि पुढच्या सिनेमाच्या रांगेत जाऊन लागले. अडीच हा आकडा मी त्या रांगेत लिहिला. दोन दिले असते तर आपल्याला कळला नाही असं झालं असतं, तीन द्यायचं जिवावर आलं होतं. मग आलं २०२२. ‘साइट अँड साउंड’ नावाचं ब्रिटिश मासिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी जगभरच्या समीक्षकांचा कौल घेतं. पहिल्यांदा ‘बायसिकल थीव्ज’ पहिला आला, मग १९६२ पासून २००२ पर्यंत पाचही वेळा ‘सिटिझन केन’, २०१२ मध्ये ‘व्हर्टिगो’. आणि १ डिसेंबर २०२२ ला कळलं, जगातला सर्वोत्तम सिनेमा ‘झान डिलमान’. पहिल्यांदाच एका बाईने केलेला सिनेमा त्या जागेवर. लोक चिडले, लोक आनंदले. मी त्या रात्री कपाटातून वही काढली आणि अडीच या आकड्याकडे बघत बसले. आठवड्याभरात सिनेमा मिळवून पूर्ण पाहिला. चांगला वाटला, खरंच वाटला. अडीच खोडून साडेचार लिहिले.

तो अर्धा मी कशासाठी कापला, ते आता आठवत नाही. बहुधा स्वतंत्र बाणा म्हणून.

खोटं बोलत नाही, दुसऱ्यांदा पाहताना मी खरंच हलले होते. पण ते हलणं सिनेमाचं किती आणि कौलाचं किती, हे मला अजून वेगळं काढता येत नाही. चहात साखर विरघळल्यावर काढता येत नाही तसं. आणि हे एकाच सिनेमाचं नाही. महोत्सवाच्या रांगेत वर्षानुवर्षं उभी राहून मी एक पाहिलंय: पहिल्या वर्षाचा पास घेतलेला मुलगा बाहेर येऊन “स्लो आहे” म्हणतो, तिसऱ्या वर्षी तोच “संथ लय आहे” म्हणतो आणि कुठेतरी लिहायला लागला की “ध्यानस्थ”. सिनेमा तेवढ्याच वेगाने चाललेला असतो. मी या तिन्ही पायऱ्या चढलेय. रशियन दिग्दर्शक तारकोव्हस्कीच्या ‘नॉस्टॅल्जिया’त शेवटी एक माणूस पेटलेली मेणबत्ती हातात घेऊन पाणी उपसलेल्या कुंडातून या कडेपासून त्या कडेपर्यंत चालत जातो. मेणबत्ती विझली की परत मागे येऊन पहिल्यापासून. नऊएक मिनिटांचा सलग शॉट. मेणबत्ती विझते दोनदा. मी एकदाच विझलेली पाहिली, कारण दुसऱ्या खेपेला मी झोपले होते. जाग आली तेव्हा तो पलीकडच्या कडेवर ती चिकटवत होता आणि माझ्या शेजारच्या बाई डोळे पुसत होत्या. बाहेर चहाला उभे असताना कुणीतरी म्हणालं, “दुसऱ्यांदा विझते तेव्हा तर...” आणि पुढे बोललं नाही. मीही मान हलवून गप्प झाले. आमचं ते मौन फार एकसारखं होतं. वहीत चार.

तज्ज्ञपणाची टिंगल करणं सोपं असतं, आणि ती करून झाली की आपण फार प्रामाणिक झालो असं वाटतं. तसंही नाही. कोर्समध्ये शिकलेलं काही फुकट गेलं नाही. सत्यजित रायच्या ‘पथेर पांचाली’त हरिहर परगावाहून येतो, लेक दुर्गा गेलीय हे त्याला ठाऊक नसतं, तिच्यासाठी आणलेली साडी तो बायकोच्या, सर्वजयाच्या हातात देतो, ती कोसळते, तिथे रायनी तिचा हंबरडा काढून टाकून तारशहनाई या वाद्याचा स्वर ठेवलाय. हे मला शिकवलं नसतं तर मी नुसती रडले असते. कळल्यावरही रडले, पण जरा उशिरा, आणि त्या उशिरात एक वेगळीच मजा होती. मी त्या आवाजावर चार पानी टिपण लिहिलं होतं, त्याचं कौतुकही झालं. पण तोच सिनेमा मी त्याच्या कितीतरी आधी घरी पाहिला होता, रविवारी दुपारी दूरदर्शनवर प्रादेशिक चित्रपट लागायचे तेव्हा. जेवणं होऊन पंख्याखाली सगळे लवंडलेले, आई तांदूळ निवडत बसलेली. सर्वजया त्या म्हातारीला, इंदिर ठाकरुणला, घालूनपाडून बोलते तेव्हा बाबा म्हणाले, काय कजाग बाई आहे. आईने ताटातून मान वर केली नाही. “घरात दाणा नसला की जीभ अशीच चालते,” म्हणाली. “ती दुष्ट नाहीये, तिला हिशेब लागत नाहीये.” चार पानी टिपणात हे वाक्य नाही. त्यावेळी मला ते टिपणात घालण्यासारखं वाटलं नव्हतं. आई सिनेमाविषयी बोलत नव्हतीच, घराविषयी बोलत होती, असं मी धरून चालले होते.

तर, बटाटे. मी सिनेमा थांबवला आणि मावशींना विचारलं, तुम्ही कधीपासून बघताय. “बघत कुठेय, दिसतंय,” त्या म्हणाल्या. “मघाशी नाही का, तो माणूस गेल्यावर हिचे बटाटे लगदा झाले. ते पातेलं घेऊन हिंडली सगळ्या घरभर, ठेवायचं कुठे तेच सुचेना. म्हणून परत सोलतेय.” पोळी फुगली, त्यांनी ती चिमट्याने उचलली. “आणि ते पैशाचं भांडं. झाकण नाही ठेवलं.”

मी मागे नेलं. नव्हतं ठेवलं.

हे झाकण मी वाचलेलं होतं. या सिनेमावरच्या कुठल्याही लेखात ते असतं; दुसऱ्या दिवशी दुपारनंतर तिची शिस्त कशी उसवते त्याचा पहिला पुरावा म्हणून. माझ्या वहीतसुद्धा आहे, झाकण, असं लिहून खाली दोन रेघा मारलेल्या. पण वाचलेलं होतं म्हणून मी ते पाहिलंय असं गृहीत धरलं होतं. मावशींनी ते ओट्यापाशी उभं राहून, मान तिरकी करून, एका डोळ्याने पाहिलं होतं. “पातेलं घेऊन मी पण हिंडलेय तशी,” त्या म्हणाल्या. कधी, असं मी विचारलं. “होतं असं,” म्हणाल्या आणि गॅस मोठा केला. अकरा वर्षांत त्या कुठल्या दिवशी माझ्या घरात तशा हिंडल्या असतील का, आणि मी तेव्हा या टेबलापाशी काय करत असेन, हा प्रश्न माझ्या मनात आला. पण तो विचारण्याइतका धीटपणा माझ्यात नाही. त्याऐवजी मी चहा ठेवला.

एक अडचण होती ती त्या पुरुषांची. मी लॅपटॉप जरा माझ्याकडे वळवून घेतला होता, उगाच. मावशी साठीच्या आहेत, त्यांच्या नातवाचं लग्न झालंय. “हा कोण हो?” त्यांनी विचारलंच. मी म्हटलं, “तो... दुपारचा येतो.” मावशींनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मीच शाळकरी मुलगी झाले. “कळलं,” त्या म्हणाल्या. “मुलगा शाळेत असतो तेव्हा. बटाटे उकडेपर्यंत.” संपलं. या सिनेमातल्या वेळेच्या रचनेबद्दल मी जे काही वाचलंय त्यात याहून नेमकं काही नव्हतं.

चहा घेताना मला राहवेना. मी त्यांना जाड सालीचं कारण सांगितलं. म्हटलं, ही नटी आहे देल्फीन सेरिग, फ्रान्समधली मोठी, डौलदार भूमिका करणारी. तिला घरकामाची सवय नसणार. दिग्दर्शिका तेव्हा जेमतेम पंचविशीची पोरगी, तिने हिलाच मुद्दाम घेतलं. का, तर जिला आपण रोज भांडी घासताना बघतो तिने पडद्यावर भांडी घासली तर ती आपल्याला दिसणारच नाही. नवऱ्यांना आपल्या बायका भांडी घासताना दिसत नाहीत तशी. जिला कधी कुणी भांडी घासताना पाहिलं नाही अशी बाई घासायला लागली की ते काम दिसायला लागतं. हे अकरमान मुलाखतीत बोललेली आहे आणि मला ते नेहमीच फार हुशार वाटलंय. सांगतानाही मी जरा रंगून सांगितलं. मावशींनी बशीतला चहा फुंकला. “म्हणजे मला घेतलं असतं तर कुणी बघितलं नसतं,” म्हणाल्या. चिडून नाही, हसतच म्हणाल्या. मीही हसले, आणि हसणं थोडं जास्त वेळ चालू ठेवलं. मग त्यांनी विचारलं, “रात्रीच्या किती करू?”

संध्याकाळी वही उघडली. साडेचार पेन्सिलने लिहिलेला होता. खोडरबराने पुसला तर खालचा अडीच वर आला, बॉलपेनाचा, कागदात रुतलेला. तिथला कागद दोनदा खोडून इतका पातळ झालाय की मागच्या पानावरचा एका जपानी सिनेमाचा साडेतीन त्यातून दिसतो. काय लिहावं सुचेना. पाच लिहिले तर मावशींनी बघितलं म्हणून वाढवल्यासारखे झाले असते, म्हणजे पुन्हा तेच, कौल तेवढा बदलला. शेवटी आकड्याच्या जागी “साल जाड” एवढंच लिहिलं. हा सिनेमावरचा आक्षेप आहे की कौतुक, माझं मलाच ठरवता आलं नाही. मावशींचा तर आक्षेपच होता. जी बाई बारा-पंधरा वर्षं रोज बटाटे सोलते तिची साल अशी निघत नाही. म्हणजे सेरिग तिथे खोटी आहे. फ्रान्समधल्या ‘कान’ महोत्सवात १९७५ मध्ये हा सिनेमा पहिल्यांदा दाखवला तेव्हा लोक उठून जात होते, खुर्च्या आपटल्याचे आवाज येत होते, असं अकरमाननेच पुढे सांगितलंय. त्या उठणाऱ्यांनी अनेक कारणं दिली असतील. सालीचं कुणी दिलं नसेल. आणि मी? मी तर वडा खायला उठलेले.

तिसऱ्या दिवशी मावशी पंधरा मिनिटं लवकर आल्या. काही बोलल्या नाहीत, कणीक मळून झाकून ठेवली, हात पुसले आणि स्वयंपाकघराच्या दारातल्या स्टुलावर टेकल्या. टेकल्या म्हणजे अर्ध्याच. उठायच्या बेतात असल्यासारख्या. खुर्ची घ्या म्हटलं तर नको म्हणाल्या. झानचा तिसरा दिवस बिघडलेलाच उजाडतो. अंगातल्या कोटाचं बटण राहतं, बूट पुसायचा ब्रश हातातून पडतो, कॉफी बिघडते, ती ओतून पुन्हा करते. सगळं वेळेच्या आधी होऊन बसलेलं, आणि मग दिवसात एक मोकळा तास उरतो, जो तिला कुठे ठेवावा कळत नाही. आदल्या दिवशीच्या त्या पातेल्यासारखा. ती खुर्चीत बसते. नुसती बसते. कॅमेरा समोर, जरा खालून. अकरमान बुटकी होती आणि तिने कॅमेरा स्वतःच्या उंचीला लावला म्हणतात. हे मला मावशींना सांगायचं होतं, पण त्यांचा चेहरा बघून नाही सांगितलं. “हिला बसवत नाहीये,” त्या हळूच म्हणाल्या. स्टुलावर अर्ध्या टेकून.

मग कॅनडाहून बहिणीने पाठवलेलं पार्सल येतं. झान ते झोपायच्या खोलीत नेते, सुतळी सुटत नाही म्हणून कात्री आणते, उघडून बघते. तेवढ्यात दारावरची बेल वाजते. दुपारचा माणूस. ती दार उघडायला बाहेर येते.

“कात्री आत राहिली,” मावशी म्हणाल्या.

हा सिनेमा मी तिसऱ्यांदा पाहत होते. शेवट मला ठाऊक होता, तो या सिनेमाविषयी काहीही वाचलं तरी कळतोच. तरी माझ्या अंगावर काटा आला. ती कात्री कथानकात कुठून येते ते मला माहीत होतं, पण मी तिच्याकडे नेहमी शेवटाकडून मागे बघितलं होतं. पुढे काय होणार हे ठाऊक नसलेलं माणूस ती वस्तू जागेवर नाही एवढ्यावरून अस्वस्थ होताना मी पहिल्यांदा पाहत होते. मावशींच्या चेहऱ्यावर भीती वगैरे काही नव्हती. दुसऱ्याच्या घरात पसारा दिसल्यावर हात शिवशिवतात तसं काहीतरी होतं. मी काही बोलले नाही. घड्याळात सव्वाअकरा झाले होते. मावशी उठल्या, “पुढच्या घरी उशीर होतोय,” म्हणाल्या, पायात चपला सरकवल्या. पोळ्या झाल्याच नव्हत्या, हे दारात त्यांच्या लक्षात आलं. परत आत आल्या, भराभर सहा लाटल्या, तोवर मी सिनेमा थांबवून ठेवला. पडद्यावर झान त्या माणसाची टोपी आणि कोट घेत थांबलेली. मग मावशी गेल्या आणि शेवट, त्याच कात्रीने ती त्या माणसाला मारते तो, मी एकटीने पाहिला. त्यानंतरचा तो टेबलाशी बसलेला सलग शॉटही, अंधारात, बाहेरच्या कुठल्याशा पाटीचा निळा उजेड चेहऱ्यावर उघडझाप करत असलेला. तेवढा वेळ मीही हललेले नाही, इतकं सांगते. सूपचं भांडं तिच्या समोरच होतं.

दुसऱ्या दिवशी मी वाट बघत होते. मावशींनी कणीक भिजवली, भाजी काय चिरू विचारलं, नातसुनेचा निकाल लागला ते सांगितलं. मी हो हो केलं. सिनेमाचा विषय निघेना. अर्ध्याहून जास्त पोळ्या झाल्यावर, माझ्याकडे पाठ करून, लाटणं न थांबवता त्यांनी विचारलं,

“सापडली का हो तिला कात्री?”

“सापडली,” मी म्हटलं.

“बरं झालं,” मावशी म्हणाल्या.